आगपेटीच्या मापाची शाळा

मुलांकडून टाकाऊ वस्तूंच्या इमारती करून घेण्याचं काम मी दोन वर्षं केलं आणि मग कायमचं सोडलं. पुढे ज्या ज्या शाळेत बदली झाली तिथं कुणीतरी विचारायचंच, की बाई, तुमच्या मुलांनी केलेलं स्टेशन फार छान होतं असं ऐकलं, इथं का नाही करत? मी सांगत असे, वेळ मिळत नाही. वेळ भरपूर मिळत होता.

गाव पवनारच्या पुढं, धाम नदीच्या काठाला. पन्नासनंतरची पहिली काही वर्षं. शाळा जनपदाची, म्हणजे तालुक्याच्या सभेची, चौथीपर्यंत. इमारत अशी नव्हतीच. मारुतीच्या देवळाला लागून एक लांब पडवी होती. तिला तीन भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, चौथी बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूनं ऊन, धूळ, पावसाची झड, कुत्री आणि दर शनिवारी मारुतीला तेल घालायला आलेली माणसं आत येत. चारही वर्ग तिथंच. शिक्षक दोन. गुरुजी हेडमास्तर होते आणि गावचं पोस्टही त्यांच्याकडे होतं, म्हणून लहान वर्ग त्यांनी घेतलेले. मुलांना पाढे म्हणायला लावून तिकिटं विकता येतात. तिसरी आणि चौथी माझ्याकडे. मी वर्ध्याची, तेव्हा पंचविशीतली. नवरा वारल्यावर ट्रेनिंग केलं आणि नोकरी धरली. माझ्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी सगळी मुलं टकळीवर सूत कातत. दुपारी हस्तव्यवसायाचा तास असे. काय काय करून घ्यावं हे छापून आलेलं होतं, साहित्य मात्र येत नसे. तक्रारी लिहीत बसण्यापेक्षा गावात जे पडलेलं आहे ते गोळा करा, असं मी मुलांना सांगितलं. मुलं रोज काहीतरी आणू लागली. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, फुटकी कवेलू, रिकाम्या आगपेट्या, विडीच्या बंडलांचे कागद, चहाच्या पुड्यातली चांदी, सायकलची फाटकी ट्यूब, बांगड्यांच्या काचा. पोस्टात येणाऱ्या वर्तमानपत्रांची रद्दी गुरुजी देत, पण आधी स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचून.

पहिली इमारत झाली ती जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, चिमणीची, आणि ती कल्पना माझी नव्हती. तेव्हा तिसरीत एक मुलगी होती. तिचा बाप हंगामात भाड्यानं बैलगाडी हाकी, गावचा कापूस वर्ध्याच्या जिनात पोचवी. एकदा त्यानं तिला गाडीवर बसवून नेलं होतं. वर्गातल्या बहुतेक मुलांनी चिमणी पाहिलीच नव्हती, आणि वर्ध्याचा कापूस हा धडा चालू होता. तिनं रद्दी गुंडाळून, वर चिखल लिंपून एक चिमणी उभी केली आणि शेजारी मातीची बैलगाडी ठेवली. मी म्हटलं, ही फारच उंच झाली. ती म्हणाली, गाडीच्या मानानं एवढीच आहे. पुढच्या खेपेला वर्ध्याला गेले तेव्हा जिनाच्या फाटकात एक गाडी उभी होती. मी पाहिलं. मुलीचं म्हणणं बरोबर होतं.

तिथून मी मापाला हात घातला. आगपेटीची लांबी म्हणजे दोन हात, असं ठरवलं. मुलं सगळं गाव हातांनी मोजत सुटली आणि आगपेटीनं कमी करू लागली. त्या मुलीनं तर एक आगपेटी कायमची ओच्यात खोचलेली असे. गुरुजींचं टेबल, मारुतीची पायरी, विहिरीचा काठ, काही सोडलं नाही. गणितात जे मी फळ्यावर महिनाभर ओरडून शिकवलं नसतं ते पंधरवड्यात आलं. धामवरचा पूल झाला. वर्ध्याचं स्टेशन झालं. स्टेशनच्या डोक्यावर मुलांनी कळस बसवला होता. मोठी इमारत म्हणजे वर कळस असलाच पाहिजे, अशी त्यांची समजूत. तो काढायला लावला तेव्हा मुलगे दोन दिवस रुसले.

आता मुद्द्यावर येते. गावात पाचवी नव्हती. चौथी झाली की मुलगे तीन कोसांवरच्या गावाला चालत जात, निदान काही जात. मुली जात नसत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मुलींनासुद्धा नाही. मला वाटत होतं. ती चौथीत आली त्या वर्षी वर्गात पाच मुली होत्या आणि त्यांतली ती एक अशी होती, की तिला चौथीनंतर घरी बसवणं हा मला शुद्ध उधळेपणा वाटत होता. दुसरा शब्द मला सापडत नाही.

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना सगळे डिप्टी म्हणत. ते सायकलवरून येत. त्यांनी गुरुजींना आणि मला स्पष्ट सांगितलं होतं, की गावानं जागा आणि अंगमेहनत दिली तर लाकूड, कवेलू आणि पाचवीसाठी एक मास्तर मिळेल. जागा एकच सोयीची होती, देवळाशेजारची, आणि ती मालगुजारांची, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारांची होती. मालगुजारी तोवर गेली होती, पण गावात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. गुरुजी आणि मी त्यांच्याकडे नकाशा घेऊन गेलो. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला.

"कागदावरची शाळा मले दिसत नाई, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "उभी करून दाखवा. मंग बोलू."

उभी करून दाखवायला आम्ही पोळ्यानंतर सुरुवात केली. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागच्या बाजूला मुलींसाठी आडोसा. भिंतींना कागदाचा लगदा. घरात टोपल्या करतात तसाच, मेथ्या भिजवून वाटून त्यात घातलेल्या, म्हणजे उंदरांनाही कडू लागतो. आढ्याला तुराट्या. कापसाच्या गाठींना आवळायच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे त्या मुलीच्या गाडीवान बापानं जिनातून आणून दिले, ते खालच्या लांब लाकडी पाटाला घट्ट बसवले, नाहीतर एवढी लांब वस्तू उचलताना मधेच वाकली असती. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून छपराच्या पन्हाळी केल्या. कवेलू मात्र खरीच, म्हणजे फुटक्या कवेलूंचे घासून केलेले नखाएवढे तुकडे. ते घासायचं काम वर्गानं महिनाभर केलं. सगळ्यांची बोटं लाल झाली होती.

मुलग्यांनी पुन्हा कळसाचा विषय काढला. मुलींनी त्यांना गप्प केलं. खिडक्या किती आणि कुठं, यावर मोठा वाद झाला. देवळाकडच्या भिंतीला खिडकी नको, तेल घालायला येणारे बाप्ये आत डोकावतात, असं मुलींचं म्हणणं. ते मान्य झालं. गाडीवानाच्या मुलीनं पाचवीच्या खोलीला आतून कडी लावली. खरी कडी, तारेची, सरकणारी. मी विचारलं, वर्गाला आतून कडी कशाला? ती म्हणाली, असू द्या. मी असू दिली.

पडवीत पाऊस आत येत होता, त्यामुळे वस्तू मालगुजारांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. ते त्यांच्या पथ्यावरच पडलं. पाहुणा आला की ते वाकून खिडकीतून बोट आत घालत आणि सांगत, हा पाचवीचा वर्ग, आतून कडी आहे, पाहा. गावातली माणसं येऊन पाहून जात. बायका पदर सावरून आत डोळा लावत. कुणी तरी विचारलं, लाकूडकाम कोण करणार, तर सुतार तिथंच म्हणाला, मी करतो. कुंभारानं कवेलू भाजून द्यायचं कबूल केलं. बायकांनी पाणी आणि माती आणायची. हे सगळं कुणी घडवून आणलं नाही. वस्तू समोर होती, बोट दाखवता येत होतं, म्हणून झालं. एका संध्याकाळी चार लोकांदेखत मालगुजार म्हणाले, देवळाजवळची जागा शाळेची. गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी डिप्टींना कळवलं. कोजागिरी झाली की येतो, असा निरोप आला.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुलींची भुलाबाई असते. घरोघरी मातीच्या भुलाबाई आणि भुलोबा बसवतात. संध्याकाळी मुली घोळक्यानं एकेका घरी जाऊन गाणी म्हणतात, शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा आणि खायचा. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांची, म्हणजे ताटांची, माडी उभी करतात, तिच्यात भुलाबाईला बसवून पूजा होते. त्या गावची रीत अशी, की दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती आणि माडी दोन्ही नदीला द्यायच्या. माझा या सगळ्याशी संबंध एवढाच, की महिनाभर मुलींचे घसे बसलेले असत आणि पाठांतर होत नसे.

कोजागिरीच्या आधी मला शिक्षकांच्या शिबिरासाठी वर्ध्याला जावं लागलं. जाताना मी मालगुजारीणबाईंना सांगून गेले, पाणी लागू देऊ नका, मांजराला छपरावर बसू देऊ नका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पोरीबाळीवानी सांभाळू. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

परत आले ती पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. मोटारीतून पवनारला उतरून चालत गाव गाठलं आणि सरळ ओसरीवर गेले. जिथं पाट होता तिथं जमिनीवर पिठाची रांगोळी होती, फुलं, थोडे ज्वारीचे दाणे. मालगुजारीणबाई आतून आल्या. रात्रीचं मसाल्याचं दूध राखून ठेवलं होतं, ते त्यांनी मला दिलं. त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"काय माडी दिसली, बाई, काय सांगू तुमाले," त्या म्हणाल्या. "आमच्या जन्मात अशी माडी नाई झाली. आजूबाजूच्या गावच्या बाया पाहाले आल्या."

मी विचारलं, ती आहे कुठं.

"कुठं म्हंजे? नदीत. भुलाबाई बसलेली माडी घरात ठेवते काय कोनी?"

मी दूध खाली ठेवलं. त्यांनी सगळं हौसेनं सांगितलं. धांड्यांची माडी करायला मुली बसल्या होत्या, पण ओसरीवर एवढी देखणी तयार असताना धांड्यांची कशाला, असं निघालं. भुलाबाईला आत बसवलं. दिवे लावले, तर खिडक्याखिडक्यांतून उजेड बाहेर आला. सगळ्या बाया बघत राहिल्या. सकाळी दोन गड्यांनी पाट उचलला, मुली गात पुढं. धामात सोडल्यावर ती लगेच बुडली नाही. एका अंगाला कलली आणि वळणापर्यंत तरंगत गेली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी एवढंच म्हटलं, की आठ दिवसांत साहेब येणार आहेत आणि त्यांना दाखवायला आता काही नाही. त्या जराही चपापल्या नाहीत. येऊ द्या ना, म्हणाल्या, पोट्ट्या दुसरी करतील.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी विचारलं, भुलाबाईला शाळेत बसवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं. मग गाडीवानाची मुलगी उभी राहिली. तिला भीती वाटत नव्हती. उलट, मला अजून कळलं कसं नाही, असा तिचा आविर्भाव होता.

"म्या बसवली, बाई. पाचवीच्या खोलीत. भुलाबाई बसली म्हंजे शाळा होतेच आता. कोन नाई म्हनन?"

मी तिला रागावले नाही. तिचा हिशेब चुकीचा होता असं मला त्या दिवशी तरी वाटलं नाही. गाव देवीला नाही म्हणत नसे, मला म्हणत असे. हे तिला माझ्याआधी समजलं होतं. मी मुलांना सांगितलं, पुन्हा सुरू करा, नखाएवढी कवेलू नकोत, छपराला नुसता पत्रा चालेल, खोल्या आणि ओसरी दिसली म्हणजे झालं. दोन दिवस काम जोरात चाललं. लगदा भिजला, पाट आला, मापं तर त्यांना पाठच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक आई आली आणि आपल्या मुलीला उठवून घेऊन गेली. मग दुसरी आली. मी कारण विचारलं तर दोघीही पोरीचा हात धरून चालू लागल्या. संध्याकाळपर्यंत कळलं. गावात बोलणं निघालं होतं, की ज्या घरात भुलाबाई बसली आणि जे घर तिच्याबरोबर नदीला गेलं, ते घर तिचं झालं. आता तसंच घर जमिनीवर उभं करायचं म्हणजे. या 'म्हणजे'च्या पुढं कुणी जात नव्हतं. मीही विचारून पाहिलं, म्हणजे काय? बायका मान हलवत.

असा काही नियम आधीपासून होता असं नाही. असूच शकत नव्हता, कारण त्या गावात इमारत नदीत सोडायचा प्रसंग कुणावर आला नव्हता. नियम त्या आठवड्यात तयार झाला. पहिल्यांदा कोण बोललं हे शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या बाया टाळ्या वाजवून आल्या होत्या त्याच आता मुलींना लगद्याला हात लावू देईनात. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि भीती खरी असली की तिच्याशी वाद घालता येत नाही. ती कशाची आहे हे माणसालाच माहीत नसेल तर मुळीच नाही.

मी वाद घातला. मालगुजारांकडे जाऊन म्हटलं, ठीक आहे, तशी नको. ओसरी मागं करू, खोल्या दोनाच्या तीन करू, दार दुसऱ्या दिशेला घेऊ. म्हणजे नदीत गेली ती वेगळी आणि ही वेगळी. गुरुजींनी माझी री ओढली. मालगुजारांनी सगळं ऐकून घेतलं, पानाचा डबा पुढं केला.

"तुमी शिकलेल्या, तुमाले चालते," ते म्हणाले. "माह्या घरच्या बायका देवळाजवळच्या त्या जागेवरून पाय टाकून राह्यल्या नाई. मी काय करू?"

डिप्टी ठरल्या दिवशी आले. पडवीत बसून त्यांनी पोहे खाल्ले, मुलांना दोन हिशेब घातले, ते बरोबर आले तेव्हा खूश झाले. मग जागा बघायला निघालो. मालगुजारांनी त्यांना देवळाजवळ न थांबवता नाल्यापलीकडे नेलं. तिथं गोटाळ, नुसत्या दगडगोट्यांची जमीन होती. पावसाळ्यात नाला भरला की चार चार दिवस तिकडे माणूस जात नसे. ही घ्या, हवी तेवढी, असं मालगुजार म्हणाले. डिप्टींनी नाला पाहिला, गावाकडे वळून पाहिलं आणि परत निघाले. परतताना त्यांनी गुरुजींना विचारलं, मुलांनी शाळेची प्रतिकृती केली आहे म्हणे, ती कुठं आहे? गुरुजी म्हणाले, तिचं विसर्जन झालं. डिप्टी हसले. मग आम्हा दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून थांबले. जाताना म्हणाले, जागेचं जमलं तर कळवा, आणखीही गावं मागताहेत. माणूस सभ्य होता. त्याला दोष देण्याजोगं त्यात काही नव्हतं. सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभी राहिले आणि मग वर्गात जाऊन भूगोल घेतला.

जागेचं जमलं नाही. कापूस वेचून झाल्यावर देवळाजवळच्या त्या जागेवर मालगुजारांनी कापूस भरायचा कोठा बांधला. तोच सुतार, त्याच कुंभाराची कवेलू. ज्या बायका त्या जागेवरून पाय टाकत नव्हत्या, त्यांनीच भिंती सारवल्या. गुरुजी मला म्हणाले, कोठ्याचं विसर्जन झालेलं नव्हतं ना. गुरुजींच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच विनोद. मालगुजारांच्या मनात कोठा आधीपासून होता की नंतर आला, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. त्यांनी ओसरीवर वाकून खिडकीत बोट घातलेलं मी पाहिलं होतं. तेव्हा ते खोटं वागत नव्हते. पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत असून काही फरक पडला नसता.

मुलांनी त्या मुलीला शाळाबुडवी म्हणायला सुरुवात केली. वर्गात एक दिवसही घरी न राहिलेली ती एकटीच होती. मी दोघांना अंगठे धरायला लावले, तेव्हा वर्गात बंद झालं, विहिरीवर चालू राहिलं. तिथं मोठ्या बायकाही म्हणत, हसत हसत. बायकांच्या मनात राग नव्हता. झाल्या गोष्टीला कुणाचं तरी नाव लागतं, ते तिचं लागलं. ती उलट उत्तर देत नसे. पूर्वी देत असे. सगळ्यात आधी तिचा तोंडाळपणा गेला, आणि मला तो परत यायला हवा होता. दुपारच्या तासाला मी विचारलं, आता काय करायचं, नवं काहीतरी, पूल, टाकी, काहीही. हात वर झाले नाहीत. तिनं ओच्यातून आगपेटी काढून टाकली होती. घरात चूल पेटवायला लागते, म्हणाली. त्यात काड्या नव्हत्याच कधी.

परीक्षा झाली. ती पहिली आली. मी तिच्या बापाकडे गेले. तो अंगणात गाडीच्या आसाला वंगण लावत होता. बायको ज्वारी पाखडत होती, मुलगी मागं भांडी घासत होती. मी सरळ विषय काढला. तीन कोसांवर पाचवी आहे, मुलगे जातात, त्यांच्याबरोबर पाठव. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, पोरांसंगं नाही जमणार. मी म्हटलं, मग वर्ध्याला पाठव. माझी आई तिथं एकटी असते, दोन खोल्या आहेत, तुला काही द्यावं लागणार नाही. बायकोनं सूप खाली ठेवलं. तो पहिल्यांदा वर बघून हसला. हसण्यात कुत्सितपणा नव्हता.

"तुमच्या आईकडं राहून ते पाचवी शिकन. मंग सहावी, मंग सातवी. मंग मी तिले द्यू कोनाले, बाई? गाडी हाकनाऱ्याले, का डिप्टीले?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले असते, इतकं ते नेमकं होतं. मी म्हटलं, ते पुढचं पुढं बघू. तो म्हणाला, पुढचं पुढं तुम्ही बघाल, आम्हाला आत्ताच बघावं लागतं. मग त्यानं हात फडक्याला पुसले आणि आवाज खाली आणला.

"गावात असती तं पाठवली असती. देवाशप्पत पाठवली असती. म्या त्याच्यासाठीच तं त्या पट्ट्या आनल्या होत्या जिनातून. गावातल्या शाळेले कोन नाई म्हनते?"

मागं भांडी घासायचा आवाज थांबलेला होता. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा मी उठले. मला त्याच्याशी भांडायचं होतं आणि भांडायला काही सापडेना. खोटं तो बोलत नव्हता. देवळाजवळ खोली उभी असती तर त्यानं तिला सकाळी स्वतः हाकलून शाळेत घातलं असतं. एवढ्याशा अंतराचा प्रश्न होता, आणि ते अंतर माझ्यानं, तिच्यानं किंवा कुणाच्यानंच कापता आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. चौथी झालेल्यांतले तीन मुलगे पाचवीला चालत जाऊ लागले, त्यातला एक दिवाळीनंतर थांबला. मुली पाचही घरी. हे काही जगावेगळं झालं नाही; आदल्या वर्षी हेच झालं होतं आणि पुढच्या वर्षीही होणार होतं. पण आदल्या वर्षी कुणी आतून कडी लावून पाहिली नव्हती. मला वाटतं, ज्याला काही दिसलंच नाही त्याचं बरं चालतं. हे शिक्षकानं म्हणू नये, पण त्या पावसाळ्यात मी रोज तेच म्हणत होते, अर्थात मनात.

वर्गात नवी मुलं आली होती. त्यांनी मोठ्या भावंडांकडून ऐकलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं फुटक्या बांगड्यांची पुरचुंडी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, आपण काय बांधायचं? मी सांगितलं, आता दुपारीही सूत. ती पुरचुंडी परत घेऊन गेली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि रद्दी देणं बंद केलं.

एके दिवशी दुपारी मुलं कातत बसली होती. गाडीवानाची मुलगी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन पडवीसमोरून चालली होती. पुढच्या वैशाखात तिचं लग्न ठरत असल्याचं मी ऐकलं होतं. ती मोकळ्या बाजूला येऊन थांबली. पाटीला एक हात लावून तिनं आत सगळीकडे नजर फिरवली, कोपरा न कोपरा.

"बाई, यंदा काय करून राह्यल्या पोट्ट्या?"

"सूत," मी म्हटलं.

"दुपारी पन?"

"हो. दुपारीपण."

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "बरं हाय. सूत कामाले तं येते." पाटी सारखी केली आणि निघून गेली.